स्वभावाचे वजनमाप

दिवाळी अंक घरात आला की त्याची पाने शेवटाकडून उलटणारे वाचक माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. कथा, कविता, परिसंवाद यांचा समाचार पुढे सावकाश घेतला जातो. आधी वार्षिक राशिभविष्य पाहायचे, आपली रास वाचून झाली की घरातल्या प्रत्येकाची रास मोठ्याने वाचून दाखवायची, हा रिवाज फराळाच्या ताटाइतकाच पक्का आहे. अमुक राशीची माणसे चिकित्सक असतात, असे वाक्य आले की कोणीतरी चकली मोडता मोडता म्हणतेच, "बघा, मी काय सांगत होते!"

अलीकडे या रिवाजाला एक धाकटे भावंड मिळाले आहे. तरुण मंडळी फोनवर पाचपन्नास प्रश्नांची उत्तरे देतात आणि चार अक्षरांचे एक बिरुद मिळवतात. कोणी 'आयएनएफजे' असतो, कोणी 'ईएनटीपी'. अशी एकूण सोळा बिरुदे आहेत. नावामागोमाग हे बिरुद सांगणारी मुले मी पाहिली आहेत. वडीलधारी त्याला हसतात, आणि मुले वडिलांच्या राशींना हसतात. मला दोन्ही बाजूंचे हसणे जरा घाईचे वाटते. या चाचण्या शास्त्र आहेत की नुसती करमणूक, असा प्रश्न केला तर एका शब्दात उत्तर देता येत नाही. पण हा तराजू कोणी घडवला, कशासाठी घडवला आणि त्याची वजने कोणी तपासली, हे पाहिले की उत्तर आपोआप उलगडत जाते. म्हणून थोडा इतिहास सांगतो.

माणसांचे प्रकार पाडण्याची हौस फार जुनी आहे. ग्रीक वैद्यांच्या परंपरेत शरीरातील चार रसांवरून चार स्वभाव सांगितले गेले. आपल्या वैद्यांनी वात, पित्त, कफ यांवरून प्रकृती ओळखली. सामुद्रिकवाल्यांनी तळहात वाचला. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगितली आणि तेवढ्याने न भागल्यामुळे पढतमूर्खाचीही सांगितली. त्या समासांची एक गंमत आहे. मूर्खलक्षणे वाचताना वाचकाला शेजारी आठवतो, मेहुणा आठवतो, कचेरीतला साहेब आठवतो. स्वतःची आठवण क्वचितच होते. राशिफल वाचताना मात्र तोच वाचक प्रत्येक ओळ स्वतःला लावून घेतो. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतल्या एका वर्गात १९४८ साली मिळाले. तिकडे आपण थोड्या वेळाने जाऊ.

प्रश्न विचारून स्वभाव मोजण्याची आधुनिक कल्पना रणांगणाच्या सावलीत जन्मली. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमारात अंगाला जखम नसतानाही हजारो सैनिक मनाने खचले. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली तेव्हा असे खचणारे जवान भरतीच्या वेळीच ओळखता येतील काय, असा विचार सुरू झाला. कोलंबिया विद्यापीठातील रॉबर्ट वुडवर्थ यांनी यासाठी ११६ प्रश्नांची यादी केली. झोप नीट लागते का, रक्त पाहून घेरी येते का, अशा धर्तीचे प्रश्न, आणि उत्तर केवळ होय किंवा नाही. यादी तयार होऊन कामाला लागण्यापूर्वीच १९१८ च्या नोव्हेंबरात युद्ध संपले. रणभूमीसाठी बनवलेले हे माप मग नागरी जीवनात उतरले आणि त्याच्या धर्तीवर पुढे अशा प्रश्नावलींचे पेवच फुटले.

वुडवर्थांच्या यादीतली अडचण उघड होती. येथे आरोपी, वकील आणि साक्षीदार ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे असतात. ज्याला नोकरी हवी आहे त्याला 'बरे' उत्तर कोणते ते न सांगता कळते. १९४३ साली मिनेसोटा विद्यापीठातील हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी या अडचणीवर एक युक्ती काढली. अमुक प्रश्नाचा अर्थ काय, हे त्यांनी आपल्या मताने ठरवले नाही. इस्पितळातील मनोरुग्णांना आणि इस्पितळात भेटीला येणाऱ्या सामान्य माणसांना तेच प्रश्न विचारले आणि दोघांची उत्तरे कोठे खरोखर वेगळी पडतात ते पाहिले. जे प्रश्न दोघांत फरक दाखवीत तेच ठेवले. शिवाय स्वतःला फारच सद्गुणी म्हणवणारा पकडला जावा म्हणून काही प्रश्न मुद्दाम पेरले. त्या चाचणीतही दोष होते आणि पुढे ते दुरुस्त करावे लागले. पण माप पुराव्यापुढे उभे करायचे, ही शिस्त तिने लावली. ही शिस्त पुढच्या कथेत सारखी आठवावी लागेल.

पुढची कथा एका मायलेकींची आहे. आज फोनवर मिळणारी सोळा बिरुदे त्यांचीच देणगी. आई कॅथरीन ब्रिग्ज, मुलगी इझाबेल मायर्स. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. कॅथरीनबाईंनी माणसांच्या प्रकारांविषयी स्वतःचे काही टिपण चालवले होते. १९२३ साली कार्ल युंग या स्विस मनोवैद्याच्या १९२१ च्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद त्यांच्या हाती पडला, आणि आपल्याला हवे होते ते सारे यात आहे अशी त्यांची खात्री पटली. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द आज आपण सहज वापरतो. ते या ग्रंथामुळे जगभर पसरले.

दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा इझाबेल चाळिशी ओलांडलेल्या, दोन मुलांच्या आई होत्या. त्यापूर्वी त्यांनी एक रहस्यकादंबरी लिहून बक्षीसही मिळवले होते. युद्धकाळात असंख्य माणसे, विशेषतः स्त्रिया, नव्या कामांवर रुजू होत होत्या. ज्याला जे काम मानवेल ते मिळाले तर किती दुःख वाचेल, या तळमळीने त्यांनी घरी बसून प्रश्नावली रचायला घेतली. फिलाडेल्फियातील एका बँकेत नोकरभरती पाहणाऱ्या एडवर्ड हे नावाच्या गृहस्थांकडून चाचण्या कशा करतात ते त्या शिकल्या. तीन जोड्या युंगच्या विचारातून घेतल्या, चौथी मायलेकींनी आपली घातली. चार जोड्यांचे सोळा प्रकार झाले. ही बाई लबाड नव्हती, आळशी तर मुळीच नव्हती. वर्षानुवर्षे तिने शाळकरी मुलांची आणि हजारो वैद्यकीय विद्यार्थ्यांची उत्तरे गोळा केली. १९५७ साली प्रिन्स्टन येथील मोठ्या परीक्षासंस्थेने तिचे काम हाती घेतले आणि १९६२ साली चाचणी संशोधनासाठी म्हणून प्रसिद्ध केली. पण तेथील संख्याशास्त्र्यांचे समाधान झाले नाही आणि काही वर्षांनी संस्थेने अंग काढून घेतले. १९७५ पासून दुसऱ्या प्रकाशकाने ती बाजारात आणली, आणि मग मात्र तिला जगभर मागणी आली.

या कथेत एक योगायोग असा आहे की तो कादंबरीत घातला तर वाचक विश्वास ठेवणार नाही. कॅथरीनबाईंचे यजमान लायमन ब्रिग्ज हे पदार्थवैज्ञानिक होते आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचे अनेक वर्षे प्रमुख होते. देशातील वजने आणि मापे खरी आहेत की नाहीत हे तपासणे हे त्या संस्थेचे काम! घरच्या तराजूची तपासणी मात्र बाहेरच्यांना करावी लागली.

ती तपासणी काय सांगते हे पाहण्यापूर्वी ठरल्याप्रमाणे १९४८ च्या त्या वर्गात जाऊ. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक स्वभावचाचणी दिली. आठवड्याने प्रत्येकाच्या हाती त्याच्या नावाचा, टंकलिखित स्वभाववर्णनाचा कागद ठेवला आणि ते वर्णन किती जुळते त्याला शून्य ते पाच गुण द्या, असे सांगितले. सरासरी गुण पडले ४.२६. मग फोररने पहिले वाक्य मोठ्याने वाचले आणि असे वाक्य आणखी कोणाच्या कागदात आहे, असे विचारले. सगळे हात वर झाले आणि वर्गात हशा उसळला. साऱ्यांना एकच कागद दिला होता! आणि त्यातील बहुतेक वाक्ये त्याने नाक्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती.

वाक्ये कशी असतील त्याचा मासला मी माझ्या पदरचा देतो. 'तुम्ही वरून शांत दिसता, पण मनात पुष्कळ विचार चालू असतात.' 'तुमच्या गुणांचे चीज व्हायला हवे तितके झालेले नाही.' 'तुम्ही माणसांवर विश्वास टाकता, पण एकदा दुखावलात की सहज विसरत नाही.' वाचकहो, खरे सांगा, यातले कोणते वाक्य तुम्हाला लागू नाही? आणि कोणते तुमच्या शेजाऱ्याला लागू नाही? समर्थांची लक्षणे आपल्याला चिकटत नाहीत याचे कारण ती बोचरी आहेत आणि नेमकी आहेत. ही वाक्ये चिकटतात, कारण ती गोड आहेत, सैल आहेत आणि आपले नाव घालून आली आहेत. १९५६ साली पॉल मील या मानसशास्त्रज्ञाने या प्रकाराला बार्नम या प्रसिद्ध सर्कसवाल्याचे नाव जोडले आणि ते कायम झाले.

फोररचा धडा पुढे अनेकांनी गिरवला. त्यातला फ्रान्समधला प्रयोग अंगावर काटा आणणारा आहे. मिशेल गोकलँ याने १९६८ च्या सुमारास पॅरिसमधील एका साप्ताहिकात जाहिरात देऊन फुकट जन्मपत्रिका देऊ केली. ज्यांनी मागितली त्यांना सर्वांना एकच फलित धाडले. ते जुळते असे उत्तर देणारांपैकी शेकडा ९० हून अधिक लोकांनी कळवले. फलित होते डॉक्टर मार्सेल पतियो याचे. युद्धकाळात पळून जाऊ पाहणाऱ्यांना आसरा देण्याचे आमिष दाखवून त्यांचे खून केल्याबद्दल १९४६ साली ज्याचा शिरच्छेद झाला, तोच हा पतियो.

असा पडताळा आपल्या पुण्यातही झाला आहे आणि त्याचा महाराष्ट्राने अभिमान धरावा. २००८ साली जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे जाणकार प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या कुंडल्या जमवल्या. निम्मी मुले हुशार, निम्मी मतिमंद. ज्योतिषांना आवाहन केले की प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून कोणती कोणत्या गटातली ते सांगा. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरीने शेकडा ४६ भरले. नाणे उडवून उत्तरे लिहिली असती तर ५० च्या आसपास आले असते. सर्व २०० कुंडल्या पाहणाऱ्या एका संस्थेची १०२ उत्तरे बरोबर निघाली. निष्कर्ष २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये छापून आले. या प्रयोगात मला सर्वात मोलाचे वाटते ते हे, की त्यात कोणाची टवाळी नव्हती. हरण्याची शक्यता दोन्ही बाजूंना सारखी होती. ज्या विद्येला आपण चुकू शकतो अशी अटच मान्य नाही, तिचा पडताळा घेणार तरी कसा?

आता त्या सोळा प्रकारांची तपासणी. कोणत्याही तराजूला आपण वाणसामानाच्या दुकानात जे दोन प्रश्न विचारतो तेच येथे विचारायचे. पहिला प्रश्न, तोच जिन्नस पुन्हा तोलला तर तेच वजन भरते काय? पाच आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर निम्म्यापर्यंत लोकांची चार अक्षरे बदललेली आढळली आहेत. यात जादू नाही, साधे गणित आहे. समजा, एकेक अक्षर शंभरातल्या ८५ लोकांचे टिकते. ऐकायला हे उत्तम. पण चारही अक्षरे एकदम टिकायची तर ८५ टक्क्यांचे ८५ टक्के असे चारदा घ्यावे लागतात, आणि उरतात जेमतेम ५२.

अक्षरे बदलतात याचे मूळ प्रकार पाडण्यातच आहे. समजा, पाच फूट पाच इंचांवर रेघ मारून आपण गावातल्या माणसांचे 'उंच' आणि 'बुटके' असे दोनच वर्ग केले, तर रेघेच्या आसपासची गर्दीच सर्वात मोठी असणार. अर्ध्या इंचाने अलीकडचा बुटका ठरेल, पलीकडचा उंच, आणि तोच उंच सहा फुटी पहिलवानाच्या पंगतीला बसेल. स्वभावाचे गुणही असेच मधोमध दाटी करतात. अगदी अंतर्मुख थोडे, अगदी बहिर्मुख थोडे, बाकी आपण सारे मध्ये. स्वतः युंगला याची जाणीव होती. माणसांना खण पाडून त्यांत बसवणे हा आपला हेतू नाही, तो पोरखेळ होईल, असा इशारा त्याने १९३४ साली आपल्या ग्रंथाच्या एका परदेशी आवृत्तीच्या प्रस्तावनेत देऊन ठेवला होता.

दुसरा प्रश्न, या वजनावरून पुढचे काही सांगता येते काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने १९९१ साली याचा विचार केला आणि व्यवसायाचा सल्ला देताना ही चाचणी वापरण्याजोगा भक्कम पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. नोकरभरतीसाठी ती वापरू नये, असे तिचे प्रकाशकही आता सांगतात.

मग स्वभाव मोजताच येत नाही काय? येतो, पण कमी थाटाने. याचा मार्ग शब्दकोशातून गेला. ज्या भेदांचे माणसांना महत्त्व वाटते त्यांना भाषा शब्द देतेच, हे त्यामागचे तत्त्व. मोल्सवर्थचा कोश चाळणाऱ्या मराठी वाचकाला हे पटवून द्यायला नको. भिडस्त, तिरसट, चेंगट, लाघवी, धांदरट, हेकट, कोडगा, मनमिळाऊ! एकेक शब्द म्हणजे एकेक ओळखीचा माणूस. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या दोघांनी इंग्रजी कोशातून असे १७,९५३ शब्द वेचले. पुढच्या संशोधकांनी हे शब्द हजारो माणसांना लावून पाहिले, कोणते शब्द जोडीने जातात ते गणिताने शोधले आणि पाच मोठे गठ्ठे हाती आले. १९६१ साली अमेरिकी हवाईदलासाठी झालेल्या अभ्यासात ते स्पष्ट दिसले. नावीन्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि चिंतातुरता, अशी त्यांची नावे मराठीत सांगता येतील. येथे खण नाहीत, पट्ट्या आहेत. प्रत्येक पट्टीवर तुम्ही कोठेतरी असता.

या मापाने पुन्हा तोलले तर वजन बरेचसे तेच भरते, आणि पुढचेही थोडे सांगता येते. बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ साली ११७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सर्व तऱ्हेच्या व्यवसायांत काटेकोर माणसाचे काम जरा बरे असते असे आढळले. पण 'जरा' हा शब्द विसरू नये. शून्य ते एक या मापावर हा संबंध सुमारे ०.२ भरला, म्हणजे माणसामाणसांच्या कामात जो फरक पडतो त्याच्या शंभर हिश्शांपैकी चारपाच हिश्शांचा उलगडा झाला, उरलेले पंचाण्णव इतर कारणांचे. शिवाय हे गठ्ठे सर्व मानवजातीला लागू आहेत असेही नाही. बोलिव्हियाच्या अरण्यात शेती आणि शिकार करून राहणाऱ्या त्सिमाने लोकांत हाच शोध घेतला, तेव्हा पाच गठ्ठे नीट सुटे झालेच नाहीत, असे २०१३ साली प्रसिद्ध झाले. खरे शास्त्र आपल्या मर्यादा अशा रीतीने स्वतःच छापते, आणि म्हणूनच ते चार अक्षरांच्या बिरुदाइतके गोड लागत नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? सणासुदीची गंमत आहे, चालू द्या. गंमतीला माझी हरकत नाही. पण माझ्या ओळखीतल्या एका मुलीची हकीकत सांगतो. तिच्या कचेरीत एका दिवसाचे शिबिर झाले, प्रश्नावली भरून घेतली गेली आणि ती 'अंतर्मुख' ठरली. ग्राहकांशी बोलण्याच्या ज्या जागेवर तिचे नाव लागणार होते ती जागा दुसऱ्याला मिळाली. ही मुलगी आमच्या गणेशोत्सवात पाच वर्षे सूत्रसंचालन करीत आली आहे! दोन वर्षे हिशेबाच्या वह्यांत घालवून तिने ती नोकरी सोडली. तिच्या घरच्यांनी पत्रिकेच्या खोड्यापायी एकही स्थळ नाकारलेले नाही. पण तिची बढती मात्र कागदावरच्या एका अक्षराने अडली. ज्योतिषाला निदान तोंडावर प्रश्न विचारता येतो. छापील गुणपत्रकाला प्रश्न विचारण्याचे धैर्य सुशिक्षितांनाही होत नाही, आणि धोका आहे तो इथेच.

तेव्हा माझे म्हणणे इतकेच. स्वतःविषयी बोलायला निमित्त हवे असते. नवराबायकोंना, मित्रांना, बापलेकांनाही हवे असते. राशीच्या किंवा अक्षरांच्या आडोशाने माणूस जे एरवी बोलला नसता ते बोलून जातो. मायर्सबाईंची तळमळ खरी होती आणि माणसे भिन्न असतात म्हणून कोणी खोटी ठरत नाहीत, हे तिचे सांगणेही खरे होते. फराळाच्या ताटाभोवती ही चाचणी खुशाल घ्यावी, सगळ्यांनी हसावे, आणि वर्णन फारच जुळले असे वाटले तर तोच कागद शेजाऱ्याच्या नावाने त्याला वाचून दाखवावा. पण कोणाची नोकरी, कोणाचे शिक्षण, कोणाचे लग्न त्या कागदावर ठरू लागले की हसणे थांबवून वाण्याच्या दुकानातले दोन प्रश्न विचारावेत. पुन्हा तोलले तर हेच भरेल काय? आणि हे वजन कोणी, कशावर तपासले आहे? उत्तर न देता तराजू झाकणारा दुकानदार भेटला, तर तिथून माल न घेण्याचे शहाणपण आपल्या आज्यांना कोणत्याही चाचणीशिवाय होते.